दार लावून ऐकलेली कॅसेट

शंकेखोर : ताई, 'डिस्को दीवाने'बद्दल तुम्ही इतक्या मायेनं बोलता, म्हणून आधी सरळच विचारतो. ती कॅसेट आपली कशी? १९८१ साली निघालेला तो अल्बम लंडनमध्ये तयार झाला. गाणारी नाझिया हसन कराचीची. संगीताची सूत्रं ज्याच्या हाती होती तो बिद्दू मूळचा बंगलोरचा, पण साठच्या दशकात इंग्लंडला गेला आणि तिथेच नावारूपाला आला. गाणी ज्या ठेक्यावर बसवली तो अमेरिकेतल्या नाचघरांतला. यात आपली पांझरा नदी कुठे आहे, गिरणा कुठे आहे? आपल्याकडे श्रावणात कानबाई बसते. नागपंचमीनंतरच्या रविवारी नारळाची देवी मांडतात, सगळी भाऊबंदकी रोट खायला एका घरी जमते, रात्रभर बाया अहिराणी गाणी म्हणतात, फुगड्या घालतात, आणि सोमवारी वाजतगाजत तिला नदीवर पोचवतात. त्या नाचाला कारण असतं, जागा असते, नाती असतात. कोण कुणाच्या हाताला धरून फुगडी घालतंय हे सगळ्या घराला ठाऊक असतं. डिस्कोला यातलं काय आहे? बटण दाबलं की ठेका सुरू, दाबलं की बंद. मला तो नाच पोरका वाटतो. चांगला की वाईट ते नंतर बघू. पण ज्याला घर नाही त्याला 'आपलं' म्हणताना माझी जीभ अडखळते.

चाहती : नाना, मी तेव्हा धुळ्यात सातवीत होते. आखातात नोकरीला गेलेल्या मामानं टू-इन-वन आणलेला. घरात तोपर्यंत रेडिओ होता, पण रेडिओ लागायचा तो मोठ्या माणसांच्या मर्जीनं. टेप आला आणि पहिल्यांदा असं झालं की मला हवं ते गाणं मला हव्या त्या वेळी, हवं तितक्यांदा ऐकता येईल. पाच कंदिलाजवळ एक दुकान होतं, तिथे कॅसेट भरून मिळायची. कोरी कॅसेट घ्यायची, वहीच्या कागदावर गाण्यांची यादी लिहून द्यायची, आणि दोन दिवसांनी जायचं. माझ्या कॅसेटच्या एका बाजूला पूर्ण 'डिस्को दीवाने' होता आणि दुसऱ्या बाजूला आईसाठी भजनं. दुकानदारानं निळ्या शाईनं नावं लिहिली होती. 'लेकिन मेरा दिल'मधला 'लेकिन' त्यानं 'लेकीन' असा दीर्घ लिहिलेला, अजून डोळ्यांपुढे आहे. व्होल्टेज कमी झालं की गाणं संथ व्हायचं, नाझियाचा आवाज एखाद्या बाप्याचा व्हायचा, आणि लाइट नीट आली की ती पुन्हा पोरगी व्हायची. ती कराचीची हे मला माहीत नव्हतं. मला ती आमच्या गल्लीच्या टोकाची वाटायची, आणि ते फार चुकीचंही नव्हतं. धुळ्यात आणि पलीकडे मालेगावात यंत्रमागांच्या वस्त्यांतून जी भाषा बोलली जाते, तीच ती गात होती. माझ्या वर्गात त्या वस्तीतल्या दोघी होत्या. अर्थ अडला की मी त्यांना विचारायची. पांझरा विचारता ना, तर ती भाषा पांझरेच्या काठावरच होती.

आणि वरातीतला तुमचा बँड? क्लॅरोनेट, बिगुल, साइड ड्रम, खांद्यावर झुली लावलेले ते लाल कोट. हे तर इंग्रजी पलटणीचं. शंभर वर्षांत ते इतकं आपलं झालं की त्याच्याशिवाय नवरदेव घोड्यावर बसत नाही. जन्म कुठे झाला यावरून गाण्याचं माहेर ठरत असेल, तर बँड आधी परत पाठवावा लागेल.

शंकेखोर : बँडचं उदाहरण तुम्ही दिलंत ते बरं झालं, कारण माझी शंका तिथेच अडकली आहे. मी पारोळ्याकडे मास्तर होतो. रात्री शाळेच्या व्हरांड्यात एका बँडची तालीम चालायची, कारण त्यांच्याकडे दुसरी जागा नव्हती. 'कुर्बानी' सिनेमा १९८० साली आला. त्यातलं नाझियाचंच 'आप जैसा कोई' लग्नसराईत प्रत्येक वरातीला मागितलं जाऊ लागलं. बँडच्या मास्तरानं कुणाचा तरी टेप मागून आणला आणि ते गाणं तुकड्या-तुकड्यानं ऐकलं. दोन ओळी ऐकायच्या, टेप थांबवायचा, वहीत सा-रे-ग-म लिहायचं, रिळ मागे घ्यायचं. त्याला एक गोष्ट छळत होती. म्हणाला, गुरुजी, ही पोरगी एकटी गात नाहीये, पण हिच्यासोबत दुसरीही कुणी नाहीये. त्याचा कान किती पक्का होता ते मला फार पुढे कळलं. बिद्दूनं तिचा आवाज दुहेरी केला होता. तोच गळा, तेच शब्द, एकावर एक ठेवलेले. मास्तरानं काय करावं? दोन क्लॅरोनेटवाल्यांना तीच चाल दिली आणि दुसऱ्याला सांगितलं, तू केसभर मागे राहा. व्हरांड्यात ते पहिल्यांदा जमलं त्या रात्री माझ्या अंगावर काटा आला. ते मी नाकारणार नाही.

पण पुढचं ऐका. तालीम अडली ती ठेक्यावर. आमचा ढोल आणि साइड ड्रम वाजवणारी पोरं हेलकाव्याची. आपल्याकडच्या बऱ्याच चाली सहाच्या मोडणीच्या, त्यात एक मात्रा जड, एक हलकी, मध्ये श्वास. पावलाला उचलायला वेळ मिळतो आणि टाकायला कारण मिळतं. डिस्कोत चारही ठोके सारखे. मिनिटाला एकशेवीसच्या आसपास, पहिल्यापासून शेवटपर्यंत तसेच. ढोलवाला म्हणाला, यात मी काय करू, हे तर घड्याळ आहे. शेवटी तो ते वाजवायला शिकला. तीन-चार वर्षांनी त्या बँडमध्ये कॅसिओ आला, पुढे ठेक्याचं यंत्र आलं, आणि ज्याला घड्याळासारखं वाजवायला शिकवलं होतं त्याची जागा खरोखरच्या घड्याळानं घेतली. आता डीजे आहे. पंधरा-वीस माणसांचं काम दोघं करतात. ज्या गाण्यानं माझ्या अंगावर काटा आणला, त्याच गाण्यानं त्या व्हरांड्यातली माणसं घरी बसवली. ही गोष्ट वेगळी कशी काढू?

चाहती : ढोलवाल्याबद्दल तुम्ही म्हणता ते मला मान्य आहे. पण त्याची जागा त्या गाण्यानं घेतली की लग्नवाल्यांच्या हिशोबानं, हे जरा तपासून बघा. ठेका चारचा असो की सहाचा, यंत्र दोन्ही वाजवतं. आज डीजेवर संबळही यंत्रातूनच येतो. आणि नाना, तुम्ही कारण म्हणता, नाती म्हणता, त्या प्रसंगात बँडवाल्याचं पान कुठे मांडलं जायचं? सगळी पंगत उठल्यावर. तो कुणाच्या घरचा, कुठल्या वस्तीतला, हे गावाला माहीत असायचं आणि त्याप्रमाणे त्याला वागवलं जायचं. वाजवायला तो हवा, मांडवात नको. तुमच्या त्या घरपणाची एक भिंत नेहमी त्याच्या तोंडावर होती. प्रसंगाशिवायचा नाच मला पोरका नाही वाटला, कारण मला पहिल्यांदा अशी जागा मिळाली जिथे मी कुणाची कोण हे विचारलं जात नव्हतं.

खोलीचं दार लावून, आवाज अगदी बारीक करून, मी आणि माझी धाकटी बहीण नाचायचो. आई पलीकडे भाकरी थापत असायची, तिच्या थापटण्याचा आवाज भिंतीतून यायचा. आम्हाला नाच येत नव्हता. सिनेमात पाहिलेलं थोडं, गरब्यातलं थोडं, बाकी मनाचं. त्याआधी मी नाचले नव्हते असं नाही. पण ज्या गाण्यावर नाचायचे त्या गाण्याला काहीतरी हवं असायचं. देवीला प्रसन्न करायचं, नवरीला सजवायचं, नाहीतर पाहुण्यांना दाखवायचं. मराठीत सिनेमाबाहेरची गाणी भरपूर होती, भावगीतं होती, अभंग होते. पण भावगीत बसून ऐकायचं. मान हलवली तरी पुष्कळ. सिनेमातल्या नाचाच्या गाण्यात नाचणारी बाई कुणासाठी तरी नाचत असायची, आणि कथेत बहुतेकदा तिची शिक्षाही लिहिलेली असायची. या कॅसेटमध्ये पडदाच नव्हता. नाचणारी बाई दिसतच नव्हती, म्हणून ती जागा मोकळी होती. तिथे मी उभी राहिले.

आणि आवाज! लताबाईंचा आवाज ऐकला की आपलं तोंड आपोआप मिटतं, इतका तो वर आहे. नाझियाचा आवाज बारीक, सरळ, थोडा नाकातला, मुरक्या जवळजवळ नाहीतच. 'आप जैसा कोई'साठी फिल्मफेअर मिळालं तेव्हा ती पंधरा वर्षांची होती. पंधरा! मी बारा-तेराची. तिच्यासोबत गाता येत होतं. पार्श्वगायनाच्या एवढ्या मोठ्या परंपरेत माझ्या वयाच्या पोरीसाठी सोबत गाता येईल असा आवाज, माझ्यापुरता तरी, तो पहिला होता.

शंकेखोर : सोबत गाता येईल असा आवाज पहिला म्हणता? तुम्ही गुलाबाई विसरलात. भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागिरीपर्यंत, महिनाभर रोज संध्याकाळी पोरी घरोघर जायच्या. मातीच्या गुलाबाई-गुलोजीपुढे बसून गाणी म्हणायच्या, टिपऱ्या खेळायच्या, आणि शेवटी डब्यातला खाऊ ओळखायचा. डबा हलवून आवाजावरून. ती गाणी आठ-दहा वर्षांच्या पोरींच्या तोंडची, त्यांच्याच पट्टीतली. कुणी त्यांना शिकवायला मास्तर ठेवला नव्हता. आणि ते सगळं दार लावून नव्हे, भर गल्लीत, वट्ट्यावर.

शब्दांचाही विचार करा. 'आप जैसा कोई' इंदीवरनी लिहिलं, पन्नाशीच्या पुढच्या गीतकारानं. पंधरा वर्षांच्या पोरीच्या तोंडी घातलेलं प्रौढ माणसाचं मागणं. सिनेमात त्यावर झीनत अमान नाचली, फिरोज खानच्या कॅमेऱ्यापुढे. ही तुमची मोकळी जागा कुणी आखली होती? उलट आपल्याकडे जात्यावर बसलेल्या बाईला कुणी गीतकार लागला नाही. असोद्याच्या बहिणाबाईंना लिहिता येत नव्हतं, पण शब्द त्यांचे स्वतःचे होते. पीठ पडत होतं आणि ओवी होत होती. ज्या प्रदेशात बाईनं आपल्या शब्दांत गाण्याची इतकी मोठी रीत आहे, तिथल्या पोरीला उसन्या शब्दांत स्वातंत्र्य सापडावं, याचं मला दुःख होतं. तुमच्यावर राग नाही. पण ती रीत आम्ही तुमच्यापर्यंत पोचवू शकलो नाही, याचं दुःख.

चाहती : गुलाबाई मी विसरले नाही, नाना. मी खेळले आहे. पण ती कधी थांबते हेही मला माहीत आहे. मोठी झालीस, आता बस झालं, असं एके वर्षी सांगतात. कारण सांगत नाहीत, आणि पोरीला ते कळतं. ज्या वर्षी माझी गुलाबाई थांबली, त्याच वर्षी मी ते दार लावलं. ही दोन गाणी एकमेकांच्या विरोधात उभी करू नका. एक जिथे थांबलं तिथे दुसरं सुरू झालं. त्या दोन्हींच्या मध्ये आमच्यासाठी काहीच नव्हतं. गाण्यातले विषय तर तुम्हाला पाठ आहेत. सासू, सासरा, दीर, माहेरी जाऊ द्या म्हणून केलेल्या विनवण्या. शब्द आमचे होते हे खरं, पण ते शब्द आम्हाला पुढच्या घरासाठी तयार करत होते. नाझियाचे शब्द इंदीवरचे असतील, अन्वर खालिदचे असतील. त्यात सासर नव्हतं. बारा वर्षांच्या मुलीला हे किती मोठं वाटतं ते मी तुम्हाला कसं सांगू!

आणि तिची स्वतःची जागाही कुठे आयती होती? पाकिस्तानात १९७७ पासून जनरल झियांची लष्करी राजवट. टीव्हीवरच्या निवेदिकेनं डोक्यावर पदर घ्यावा असे हुकूम निघत होते. त्या काळात एका शाळकरी मुलीनं, भावाला सोबत घेऊन, नाचाच्या गाण्यांचा पूर्ण अल्बम काढला. 'डिस्को दीवाने'नंतर आणखी अल्बम केले, मग हळूहळू गाणं बाजूला ठेवलं, लंडनमध्ये कायद्याची पदवी घेतली. १३ ऑगस्ट २००० रोजी कर्करोगानं गेली तेव्हा ती ३५ वर्षांची होती. ती बातमी मी वाचली आणि संध्याकाळी माळ्यावरची कॅसेट काढली. फीत एकमेकांना चिकटलेली. पेन्सिल घालून फिरवली तर कर्रकन आवाज झाला आणि तुटली. तुटलेली तशीच ठेवली आहे.

शंकेखोर : ताई, तुमच्या या बोलण्यापुढे माझी काही वाक्यं मला परत घ्यावीशी वाटतात. गुलाबाई थांबवली जाते हे मी कधी पोरीच्या बाजूनं पाहिलं नव्हतं. माझ्या घरातही थांबली असेल. मला तारीखही आठवत नाही.

पण एक विचारतो, आणि हे भांडायला म्हणून नाही. दार लावून मिळालेली मोकळीक दाराबाहेर कधी आली? तुम्ही खोलीत नाचत होतात त्याच वर्षी तेच गाणं रस्त्यावर वाजत होतं. वरातीपुढे कोण नाचत होतं? मी पाहिलंय. नुसते बाप्ये. तोंडात रुमाल धरून, जमिनीवर लोळून. 'डिस्को डान्सर' १९८२च्या अखेरीस आला, मग तर प्रत्येक गल्लीत एक मिथुन. एका पोरीच्या आवाजावर शंभर पोरगे.

चाहती : तो प्रश्न मी स्वतःला चाळीस वर्षं विचारते आहे. आमच्या घराला धाबं होतं. वरात आली की आम्ही सगळ्या धाब्यावर. एकदा खालून बँडवर 'डिस्को दीवाने' वाजलं. माझं गाणं. ज्याची प्रत्येक ओळ मी दार लावून अंगात भरली होती ते माझं गाणं खाली रस्त्यावर, क्लॅरोनेटवर, आणि पुढे चुलतभाऊ, शेजारचे, सगळे नाचतायत. मला वाटलं माझ्या कपाटातलं काहीतरी काढून त्यांनी बाहेर नेलं. पाय हलत होते, पण कठड्याच्या आड, कुणाला दिसणार नाहीत असे. शेजारी आजी उभी होती. तिनं माझ्या पायांकडे पाहिलं. बोलली काही नाही, फक्त माझ्या डोक्यावरून हात फिरवला. ती स्वतः कानबाईच्या रात्री पहाटेपर्यंत फुगडी घालणारी बाई. म्हणून मी हे कबूल करते की त्या कॅसेटनं मला खोली दिली, गल्ली दिली नाही. गल्ली तिच्या हातात नव्हतीच. पण खोली दिली नसती तर पाय हलवायची सवय तरी कुठून राहिली असती?

शंकेखोर : मग त्या सवयीचं पुढे काय झालं ते पाहू. कारण कॅसेट एकट्या नाझियाची राहिली नाही. लंडनचा स्टुडिओ आणि एचएमव्हीची तबकडी हा श्रीमंती मामला होता. ऐंशीच्या दशकात कॅसेट इतकी स्वस्त झाली की कुणीही गावं आणि कुणीही विकावं. टी-सिरीज, व्हीनस याच लाटेवर मोठ्या झाल्या. त्याच दशकात आनंद शिंदेंचं पोपटाचं गाणं आलं आणि महाराष्ट्रभर वाजलं, आपल्या वरातींतही. ते गाणं उथळ आहे असं तेव्हा शिक्षकांच्या खोलीत सगळे म्हणायचे, मीही म्हटलं. आज वाटतं, तो आवाज कुठून आला हे आम्ही विचारलंच नाही. प्रल्हाद शिंदेंचा मुलगा, भक्तिगीतांच्या आणि भीमगीतांच्या घरातला गळा. सगळ्या गावाला नाचवायची ताकद त्या गळ्यात जलशांतून, मैदानांतून आलेली. तिथे प्रसंगही होता आणि माणसंही होती. यंत्र आलं म्हणून नाच पोरका होतोच असं नाही, हे मला त्या गाण्यानं दाखवलं. तुमच्या बाजूचा एक मुद्दा मीच देतोय.

आणि आता अहिराणी. आयुष्यभर मी ही भाषा वहीत उतरवत आलो. वर्गात एखादा आंडोर अहिराणीत बोलला की बाकीची पोरं हसायची. आज 'हाई झुमका वाली पोर', 'केसावर फुगे' ही गाणी पुण्यात, नाशकात, सुरतेत वाजतात. ज्यांना 'हाई' म्हणजे 'ही' हे माहीत नाही तेही नाचतात. सुरतेला आपली किती कुटुंबं पोटासाठी गेली! त्यांच्या तिथेच जन्मलेल्या नातवंडांच्या तोंडी ही भाषा आली ती माझ्या वह्यांमुळे नाही, या गाण्यांमुळे. ठेका मात्र तोच चारचा, घड्याळाचा. मी ज्याला पोरका म्हणत होतो त्याच ठेक्यानं माझ्या भाषेला उचलून घेतलं. हे कबूल करताना मला अवघड जातं, पण आनंदही होतो.

चाहती : आणि इथे बघा कसं होतंय, नाना. तुम्हाला आनंद होतोय आणि शंका मला येतेय. त्या गाण्यांवर मीही नाचते. लाडाची भाषा कानावर पडली की कोण थांबेल? पण त्यांत पोर कुठे उभी असते? झुमका घातलेली पोर, केसांवर फुगे माळलेली पोर. तिच्याकडे बघितलं जातं. गाण्याच्या नावातच तिचं वर्णन आहे. मध्येच बाईचा आवाज येतो, उत्तर देतो. पण गाणं सुरू होतं ते बघणाऱ्याच्या डोळ्यांतून. 'डिस्को दीवाने'त उसन्या शब्दांत का असेना, 'मी' म्हणणारी पोरगी होती. तिला काय हवंय ते ती सांगत होती, तिचे झुमके कसे आहेत ते कुणी दुसरा सांगत नव्हता. तुमच्या कानबाईच्या, गुलाबाईच्या गाण्यांतही 'मी' आहे. सासरचं रडणं असेल, पण रडणारी स्वतः बोलते. म्हणजे मधल्या चाळीस वर्षांत आम्हाला भाषा परत मिळाली आणि 'मी' हरवला, असं तर नाही झालं?

तेव्हा भाषा परकी होती आणि जागा माझी. आता भाषा माझी आहे. आणि रस्ताही थोडा झालाय, ते नाकारत नाही. गेल्या वर्षी जळगावला भाचीच्या हळदीला साठीच्या बायका भर रस्त्यात नाचल्या. डीजेवाल्याला मी 'डिस्को दीवाने' सांगितलं. त्याच्याकडे होतं ते २०१२च्या 'स्टुडंट ऑफ द इयर'मधलं. त्यात नव्या आवाजांच्या मध्ये नाझियाचा मूळ आवाजही ठेवलाय. तो आला की माझे पाय बरोबर जुन्या जागी पडायचे, गेला की चुकायचे. बहीण शेजारी होती. तिचेही तसेच.

शंकेखोर : एक गोष्ट मी अजून कुणाला सांगितलेली नाही. गेल्या श्रावणात आमच्याकडे कानबाई होती. रात्री एकच्या सुमारास म्हाताऱ्या बायका दमल्या. गाणी येणाऱ्या आता चौघीच उरल्यात, आणि त्यांतल्या दोघींना धाप लागते. गाणं थांबलं. कानबाईपुढे गाणं थांबू देऊ नये अशी आमच्याकडची समजूत. तेव्हा नातवंडांतल्या पोरींनी मोबाइल काढला आणि झुमक्याचं गाणं लावलं, देवीसमोर. सुनांनी माझ्याकडे पाहिलं, मी काय म्हणतो म्हणून. मी काही म्हणालो नाही. नाचायला उठलोही नाही. माझी वही मांडीवर होती. त्यात त्या रात्रीची बारा गाणी मी लिहून घेतली होती, पण ती गाऊन दाखवायला माझा गळा चालत नाही, आणि ती माझी नाहीतही, बायांची आहेत. पोरी अर्धा तास नाचल्या. त्या चौघी म्हाताऱ्यांतली एक भिंतीला टेकून टाळ्या देत होती. चारच्या ठेक्यावर तिची टाळी सहाची पडत होती, आणि कशी कोण जाणे, ती कुठे अडत नव्हती.

चाहती : पोरींनी दार लावलं होतं?

शंकेखोर : नाही. त्या रात्री आमच्याकडे दार लावत नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्यानं दर्शन घ्यावं म्हणून उघडंच असतं. रस्त्यावर उजेड पडला होता.

चाहती : मग त्यांना विचारलंत का, हे गाणं कुणाचं वाटतं तुम्हाला? त्या झुमकेवालीचं, देवीचं, की तुमचं स्वतःचं?

शंकेखोर : नाही विचारलं. विचारायला हवं होतं. येत्या श्रावणात तुम्ही या, तुम्हीच विचारा. मी वही घेऊन बसतो.